मेकअप रूमचा आरसा आणि दहावी रांग

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी ४३ वर्षांची. पुण्यात राहते, व्यावसायिक नाटकांत बरीच वर्षं नायिकेची कामं केली. परवा एका निर्मात्यानं नव्या नाटकात आईची भूमिका देऊ केली. नायक माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आणि मी त्याची आई! मैत्रिणी म्हणतात, आधी चेहऱ्यावर काहीतरी उपचार करून घे. करावेत का? भूमिकेला हो म्हणावं की थांबावं? लोक विसरतील अशी भीती वाटते. केस रंगवणं सोडावं का, हेही कळत नाही. तुम्ही हे सगळं कसं निभावलंत?"

तुझा प्रश्न दोनदा वाचला. त्यात चेहरा आहे, केस आहेत, लोक आहेत. नाटक कशावर आहे, त्या आईचे प्रवेश किती, ती नाटकात करते काय, यातलं अक्षरही नाही. रागावत नाहीये. नटीला वयाची पहिली बातमी आरसाच देतो, त्यामुळे भीतीही तिथूनच सुरू होते. तेव्हा आधी आरशाचाच निकाल लावू.

मेकअप रूममधला आरसा आठव. भोवती बल्ब, आणि आपण हातभर अंतरावर. त्या अंतरावर कुठलाही प्रेक्षक कधीच बसत नाही. पहिल्या रांगेतला माणूससुद्धा काही फुटांवर असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे, पार बाल्कनीपर्यंत. दहाव्या रांगेतून डोळ्यांखालची रेघ दिसत नाही. हनुवटीखालची सैल कातडीही दिसत नाही, मान खाली घालून बोलायची सवय नसेल तर. तिथून दिसतं ते वेगळंच. खुर्चीतून उठताना हात टेकलास का, वळताना आधी नजर वळली की पाय, पदर सावरताना बोटं चाचपडली का, पायरी उतरण्याआधी तू खाली बघितलंस का. वय दिसतं ते इथे. चाळिशीची बाई खुर्चीचा हात धरून उठली की मागच्या रांगांना ती साठीची वाटते. सत्तरीची बाई पाठ न टेकता बसली आणि एका हालचालीत उठली, तर कोणी तिचं वय मोजत बसत नाही. मी आज ७१ ची आहे आणि गेली कित्येक वर्षं याच एका गोष्टीवर माझं दुकान चाललंय.

तू मालिकाही केल्या असशील, म्हणून तुझ्या डोक्यात क्लोजअप शिरलाय. कॅमेरा नाकाशी येतो, तिथे ही काळजी खरी आहे, आणि मालिकेसाठी कोणी काही उपचार केले तर मी नावं ठेवणार नाही. नाटकात मात्र क्लोजअप प्रेक्षक मनातल्या मनात घेतो आणि तो घ्यायला तू त्याला आवाजानं भाग पाडतेस. नुसत्या चेहऱ्यानं हे आजवर कोणाला साधलेलं मी पाहिलं नाही.

आपल्याकडे तर हे पहिल्यापासूनच असं आहे. महाराष्ट्रातल्या बायकांनी साडी कशी नेसावी, अंबाड्यावर गजरा कसा माळावा, हे ज्यांच्याकडून उचललं ते नारायण श्रीपाद राजहंस होते. बालगंधर्व. १९११ च्या 'मानापमाना'तली भामिनी, १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, १९१९ च्या 'एकच प्याल्या'तली सिंधू. त्यातली रुक्मिणी भरजरी शालूतली राजकन्या, आणि सिंधू दारिद्र्यात जात्यावर बसलेली. पण दोघीही सारख्याच देखण्या वाटायच्या, असं आमच्या आधीची पिढी हमखास सांगायची. शालू काढून घेतल्यावरही उरत होतं ते काय होतं? चालणं, थांबणं, मान वेळावणं आणि गाणं. म्हणजे बाईचं सौंदर्य रंगमंचावर घडवता येतं, कमावता येतं, आणि ते जन्मानं मिळालेल्या चेहऱ्यावर फारसं अवलंबून नसतं, हे आपल्या रंगभूमीनं एका पुरुषाकडून शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध करून घेतलं.

पण नारायणरावांचीच दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्यांचं नाव घेणं सोयीचं होईल. वय वाढलं, अंग सुटलं, पुढे पायांनी साथ सोडली, तरी लोक त्यांच्याकडून तीच रुक्मिणी मागत राहिले आणि ते ती देत राहिले. शेवटच्या काळात प्रेक्षक डोळे मिटून नुसतं गाणं ऐकत, ही आठवण पुण्यातल्या जुन्या घरांत आजही सांगतात. जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली. ते उभं राहिलेलं पाहायला ते राहिले नाहीत. १५ जुलै १९६७ ला गेले आणि पुढच्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीला, रंगमंदिराचं उद्घाटन झालं. तिथे प्रयोग असला की मला हे बहुधा आठवतंच. ज्या भूमिकेनं मोठं केलं ती भूमिकाच सोडवत नाही, आणि प्रेक्षकही सोडू देत नाही. प्रेम करतात म्हणूनच सोडू देत नाहीत. त्या प्रेमापासून सावध राहावं लागतं.

बायकांच्या बाबतीत तर अजून बरंच काही ठरायचं आहे. बायका आधीही रंगमंचावर होत्या, नुसत्या स्त्रियांच्या मंडळ्याही होत्या. पण वळण पडलं ते १९३३ मध्ये, नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या तेव्हा. हिराबागेतल्या ज्या सभागृहात तू अभिवाचनं ऐकायला जातेस, त्याला त्यांचंच नाव आहे. म्हणजे बाईनं बाई म्हणून रंगमंचावर म्हातारं होत जाण्याला आपल्याकडे अजून शंभर वर्षंही धड झालेली नाहीत. पन्नाशीची नायिका कशी दिसावी याचा नमुना कोणी ठरवून ठेवलेला नाही. तुझ्या पिढीला मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, मोकळी जागा आहे म्हणून सांगते.

आता रंगभूषा. वय वाढलं की हात जड होतो, झाकायचं म्हणून थर वाढतो. नेमकं उलट करायचं असतं. पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याला लावायचा जाड रंग, सुरकुतीत जाऊन बसतो, दुसऱ्या अंकापर्यंत घामानं तडकतो, आणि जी रेघ कोणाला दिसत नव्हती ती आता रेखाटल्यासारखी दिसते. थर पातळ, पावडर अगदी कमी. डोळे आणि भुवया मात्र नीट काढायच्या, कारण मागच्या रांगेपर्यंत पोचतात त्या भुवया. गालाला लाली लावायची ती थोडी वर, कानाच्या दिशेनं. रंगभूषाकार तरुण असेल तर त्याला हे सांगावं लागतं, कारण त्याला वाटतं आजींना जास्त रंग लागतो. उतरवायला खोबरेल तेलासारखं दुसरं काही नाही, मग कंपन्या काहीही म्हणोत. आणि एक लक्षात ठेव, आपण सुखात आहोत. तमाशा-दशावतारातली जुनी माणसं मुर्दाडशिंग आणि हिंगूळ खलून तोंडाला लावत. एकात शिसं, दुसऱ्यात पारा. त्यांच्या कातडीनं काय सोसलं असेल ते बघ आणि मग आपल्या सुरकुतीबद्दल बोलू.

खरा रंग दिव्यांचा. डोक्यावरून सरळ खाली येणारा उजेड खोबणी काळ्या करतो, नाकापासून ओठापर्यंतच्या घड्या खणून काढतो. त्याखाली पंचविशीची मुलगीही थकलेली दिसते. पूर्वी रंगमंचाच्या कडेला पायदिवे असत, ते खालून या सावल्या पुसत. ते गेले. त्यामुळे समोरून, फार उंचावरून नाही, असा उबदार उजेड चेहऱ्यावर येतोय ना, एवढं प्रकाशयोजनाकाराला पहिल्याच तांत्रिक तालमीत विचारून घ्यायचं. लाजायचं नाही. तो तुझ्यावर उपकार करत नसतो, त्याचं कामच ते. ब्युटी पार्लरवर खर्च करण्यापेक्षा त्याच्याशी मैत्री स्वस्त पडते आणि टिकते जास्त.

यात एक नवी अडचण आलीये. जुन्या हॅलोजन दिव्यांना ऊब असायची. स्पॉटमध्ये आलो की गालाला कळायचं, अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं तर लगेच थंड लागायचं. वय झाल्यावर डोळ्यांपेक्षा गालावर भरवसा ठेवून मी जागा धरायचे. एलईडी दिवे आले आणि ती ऊबच गेली. आता जागा पायांनी मोजावी लागते. रंगमंच रिकामा असताना, प्रयोगाच्या आधी, टेबलापासून दारापर्यंत पावलं टाकून बघायची. तरुण मुलं हसतात. हसू देत.

उपचारांबद्दल विचारलंस. बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल पाडणं, आणि त्याचा परिणाम साधारण ३ ते ४ महिने राहतो. कपाळ गुळगुळीत होतं, कारण तिथला स्नायू हलत नाही. आता वर काय म्हटलं ते आठव. मागच्या रांगेला सुरकुती दिसत नाही, भुवई दिसते. जे दिसत नव्हतं ते घालवायला जे दिसत होतं ते बांधून टाकायचं, हा व्यवहार मला तरी कळत नाही. बाकी त्यात नैतिक-बितिक काही नाही. पैसे तुझे, कपाळ तुझं. नाटकासाठी म्हणून करू नकोस, एवढंच.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस, आणि ज्याची खरी भीती बाळगावी, ते सांगते.

पहिला आवाज. पाळी गेल्यावर बाईचा आवाज खाली उतरतो, थोडा खरखरतो, वरच्या पट्टीतलं पूर्वीसारखं हातात राहत नाही. गाणाऱ्या बायका हे लवकर ओळखतात आणि निमूटपणे पट्टी उतरवतात. पेटीच्या काळी चारवरून खालच्या काळी दोनवर येण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. गद्य नाटकातल्या आपण मात्र तिशीतल्याच पट्टीत ओरडत राहतो आणि घसा फाडून घेतो. उतरलेला आवाज हा फायदा आहे, तो वापर. खालच्या स्वरात सावकाश टाकलेलं वाक्य प्रेक्षागृह जसं गप्प करतं तसं वरच्या पट्टीतलं करत नाही.

पण दम. दम कमी पडतो, आणि मराठीत हे महागात जातं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी. लांब वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत श्वास संपला की नेमकं तेच गिळलं जातं, आणि मागच्यांना कळत नाही की तो आला, येणार होता, की आलाच नाही. तरुणपणी एका श्वासात म्हटलेलं वाक्य पन्नाशीत दोन श्वासांत म्हणावं लागतं आणि तो दुसरा श्वास कुठे घ्यायचा हे तालमीतच ठरवून संहितेवर पेन्सिलनं खूण करायची. दिग्दर्शकाला वाटलं पाहिजे की तू अर्थासाठी थांबलीस. फुप्फुसांसाठी थांबलीस हे आपल्या दोघींत. प्रेक्षकांची पत्रं, फोन यायचे, 'तुमचे पॉज काय सुंदर असतात!' मी आभार मानायचे.

दुसरे कान. वयानं आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. घरात कळतही नाही, बोलणं ऐकू येत असतं. रंगमंचावर मात्र विंगेतून प्रॉम्प्टर जो कुजबुजतो ती कुजबुज जवळजवळ सगळी याच बारीक आवाजांची असते. म्हणजे तू अडलीस, त्यानं सांगितलं, आणि तुला नुसती हवा ऐकू आली. प्रॉम्प्टरला सांगून ठेवायचं की कुजबुजू नकोस, खालच्या आवाजात पण घशातून बोल. समोरच्याचं शेवटचं वाक्य आपल्या वाक्याइतकंच पाठ हवं, कारण हशा-टाळ्यांत ते ऐकू येईलच असं नाही. आणि कानाची तपासणी करून घे, पन्नाशीच्या आत. चष्मा लावायची लाज जशी गेली तशी कानाच्या यंत्राची जायला हवी, ती अजून गेलेली नाही.

तिसरं, अंधार. प्रवेश संपला, ब्लॅकआउट, आणि मोजक्या सेकंदांत तुला बाहेर पडायचंय. तरुण डोळे पटकन अंधाराला सरावतात, म्हातारे नाही. बुबुळाच्या मधलं छिद्र लहान झालेलं असतं आणि नजर जुळवून घ्यायला वेळ लागतो. वर नऊवारी, आणि नेपथ्यकारानं हौसेनं केलेल्या दोन लेव्हल, म्हणजे उंच-सखल चौथरे. आमच्या पिढीतल्या ज्यांनी काम सोडलं, त्यातल्या बऱ्याच जणींनी सुरकुत्यांमुळे नाही, अशा एखाद्या पडण्यामुळे सोडलं. मांडीचं हाड मोडलं की नाटक संपलं. कडेला रेडियमची पट्टी लावून घ्यायची, ब्लॅकआउटच्या आधी शेवटच्या वाक्याला एक डोळा किंचित मिटून ठेवायचा म्हणजे तो अंधाराला तयार राहतो, आणि विंगेत एक माणूस हात पुढे करून उभा हवा. माझ्या कुठल्याही नाटकात ही माझी पहिली अट असते. मानधनाच्याही आधी.

गुडघ्यांबद्दल काय सांगू, ते तुला तेच सांगतील. जमिनीवर बसून उठण्याचा सराव एक दिवसही सोडू नकोस.

पाठांतर. जुनं जात नाही, नवं लवकर बसत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या नाटकातलं मला झोपेतून उठवून विचार, म्हणून दाखवीन. कालचा बदललेला संवाद विचारू नकोस. उपाय कंटाळवाणा आहे. हातानं लिहून काढायचं आणि हालचालीसकट पाठ करायचं. नुसतं कॉटवर बसून पाठ केलेलं वाक्य उभं राहिल्यावर सापडत नाही. दिग्दर्शकाला लवकर ब्लॉकिंग, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठे उभं राहायचं ते, मागायचं, ते एवढ्यासाठी.

आता लोक विसरतील म्हणतेस त्याबद्दल.

विसरतील. पण तुला वाटतं तसं नाही. प्रसिद्धीचं खरं माप वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत असतं. सुरुवातीला तुझं नाव इतरांच्या गर्दीत, बारीक. मग सगळ्यांत वर, फोटोसकट. मग मधे कुठेतरी. मग अगदी शेवटी, पण आधी 'आणि' लावून, चौकटीत. हा 'आणि' फार मानाचा समजतात. मला तो मिळाला तेव्हा मी एवढंच पाहिलं की फोटो गेला. नंतर लक्षात आलं की चौकटीतल्या त्या नावासाठी निर्मात्यानं वेगळं मानधन मोजलेलं असतं, तेव्हा रुसण्यात अर्थ नाही.

आणि रस्त्यावरची प्रसिद्धी. पुणं याबाबतीत औषधासारखं शहर आहे. तुळशीबागेत एक बाई थांबवून म्हणाल्या, "तुम्ही त्याच ना? अगं बाई, केवढ्या सुंदर दिसायचात!" क्रियापदाचा काळ ऐकलास? मंडईत एका काकांनी हातातली मेथीची जुडी तशीच धरून मला माझ्याच नाटकातला प्रवेश सांगितला, त्यातला निम्मा दुसऱ्याच नाटकातला होता. दुरुस्त केलं नाही. नाटकाचं मागे उरतं ते एवढंच. चित्रीकरण झालेली नाटकं थोडी, त्यातही चांगली थोडी. तुझी तिशी आहे ती त्या काकांच्या डोक्यात, त्यांच्या स्वतःच्या तिशीला चिकटून. 'तुम्ही काही बदलला नाहीत हो' असं म्हणतात तेव्हा ते स्वतःबद्दल बोलत असतात. तू बदललीस हे मान्य केलं तर त्यांनाही मान्य करावं लागेल. म्हणून अशा वेळी नम्रपणे हसायचं आणि 'तुम्हीही' म्हणायचं. फार खूश होतात.

जी तुला विसरतील ती मुलं आहेत, विशी-बाविशीची. खरं म्हणजे ती विसरत नाहीत, त्यांनी तुला पाहिलेलंच नाही. त्यांच्यासाठी तू नवी आहेस. पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात जाऊन बस. कोणी ओळखणार नाही. मागून शिट्या, आरडाओरडा, आणि समोर एखादी एकोणीस वर्षांची मुलगी केसांना पांढरं फासून, कमरेत वाकून, कापऱ्या आवाजात म्हातारी करत असेल. बघ आणि मनात टिपून ठेव की म्हातारी माणसं काय करत नाहीत. खरा म्हातारा माणूस वाकत नाही, न वाकण्याची धडपड करतो. तेवढ्यात सगळी भूमिका असते. हे पुण्यातल्या सुदर्शनच्या छोट्या रंगमंचावर आणखी चांगलं दिसतं, तिथे प्रेक्षक गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ असतो. वर मी दहाव्या रांगेचं जे सांगितलं ते तिथे लागू नाही, हेही कबूल करते. तिथे सुरकुत्या दिसतात. आणि तिथेच मला कोणी विचारलं नाही की त्या का दिसतात.

राहिली भूमिका. तू ४३ ची. डॉक्टर श्रीराम लागूंनी 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभे केले ते १९७० च्या डिसेंबरात. तेव्हा तेही ४३ चेच होते. त्रेचाळिशीत म्हातारा केला म्हणून त्यांचं काही संपलं असं कोणी म्हटलं नाही, उलट तिथून पुढे लोक त्यांना वेगळ्याच नजरेनं बघू लागले. मग तुला का भीती वाटते? कारण त्यांना म्हातारा मिळाला तो नाटकाच्या नावातला, नाटकभर बोलणारा. तुला मिळालेल्या आईला बहुधा नावही नसेल, पात्रपरिचयात नुसतं 'आई'. चीड आणणारी गोष्ट वयाची नाहीच, या फरकाची आहे. पन्नाशीचा नट पस्तिशीचा नायक म्हणून खपतो आणि त्रेचाळिशीची नटी त्याची आई, हा सरळ सरळ अन्याय आहे, आणि तो करणारे निर्माते 'प्रेक्षकांना हेच लागतं' म्हणून मोकळे होतात. प्रेक्षकांना कोणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

तरी मी लगेच नकार दे म्हणणार नाही. संहिता मागव आणि तीन ठिकाणी बघ. ती आई नाटकात एखादा निर्णय घेते का, की फक्त दुसऱ्यांच्या निर्णयांवर रडते? तिला कोणी नसताना, एकटीला, रंगमंचावर ठेवलंय का? आणि ती निघून गेल्यावर नाटकाचं काही अडतं का? वाक्यं मोजू नकोस. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तली दादी बोलते ते थोडंच, पुन्हापुन्हा वेळ विचारते, आणि तेवढ्यावर सगळा वाडा किती जुना झालाय ते कळतं. अशी आई असेल तर नायक तुझ्यापेक्षा सात नाही, सतरा वर्षांनी मोठा असला तरी घे. या तिन्ही ठिकाणी काहीच सापडलं नाही तर सोड, आणि 'वय बसत नाही' असं कारण देऊ नकोस. 'भूमिकेत काही नाही' हेच सांग. निर्मात्यांना ते ऐकायची सवय लागायला हवी, आणि ती फुकट लागत नाही हे मलाही माहीत आहे. एका निर्मात्यानं मला पुढे बोलावलंच नाही. त्याच्या नाटकांची नावं आज कोणाला आठवत नाहीत, यात मला थोडा आनंद होतो, तो लपवत नाही.

पैशाचं थोडक्यात. आपल्याला नाईट मिळते, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, पेन्शन नाही. वय वाढलं की प्रयोग कमी होतात, दर वाढला तरी. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, पण त्यावर घर चालत नाही आणि त्यासाठी लागणारे कामाचे पुरावे आपण कोणीच जपलेले नसतात. आजपासून जाहिरातींची कात्रणं, करारपत्रं, प्रशस्तिपत्रकं एका फायलीत लावायला लाग. आवाजाची कामं धर: आकाशवाणी, डबिंग, अभिवाचन, बोलकी पुस्तकं. तिथे चेहरा कोणी विचारत नाही आणि उतरलेल्या आवाजाला मागणी असते. आरोग्य विमा नसेल तर हे वाचून झाल्यावर तोच पहिला काढ.

आणि केस. एकदम सोडू नकोस. अर्धे काळे अर्धे पांढरे असे काही महिने जातात, त्यात ना नायिका मिळते ना आई. दोन नाटकांच्या मधल्या सुट्टीत सोड. पूर्ण पांढरे झाले की दिवे त्यांच्यावर चमकतात आणि चेहरा त्यामानानं काळवंडतो, म्हणून रंगभूषाकाराकडून पुढच्या बटांना किंचित राखाडी छटा मारून घ्यावी लागते. विग घालायची वेळ आली तर हलका आणि स्वतःच्या मापाचा करून घे, संस्थेच्या पेटीतला नको. दुपारचा साडेबाराचा आणि संध्याकाळचा साडेपाचचा असे दोन प्रयोग लागले की तो डोक्यावर किती तापतो ते कळेल. करारात त्याचा खर्च निर्मात्याकडे लिहून घे. आणि पहिल्या वाचनाला जाण्याआधी पूर्ण संहिता हातात आली पाहिजे. नुसती तुझ्या प्रवेशांची पानं पाठवली, तर ती परत कर.